जेलरसाहेबांचा सवाल

निवृत्त जेलर रावसाहेब इंगवले यांना कळलं, की होणाऱ्या जावयाला, निशिकांतला, मित्र लग्नाआधी मळ्यावर 'स्वातंत्र्याचा शेवटचा दिवस' म्हणून पार्टी देताहेत. ते तडक तिथे येऊन धडकले.

"स्वातंत्र्याचा शेवटचा दिवस साजरा करताय? म्हणजे माझी पोरगी तुरुंग? उत्तर द्या, नाहीतर लग्न मोडलं!"

निशिकांत पांढराफटक पडला. चुलीवर रस्सा रटरटत होता. त्याचा मित्र सुभान पुढे झाला.

"साहेब, तुमची हयात तुरुंगात गेली. माणूस आत येताना मित्रांनी कधी पेढे वाटले?"

"छे! वाटतात ते सुटताना."

"मग? आमचा मित्र एकटेपणातून सुटतोय, म्हणून तर जेवण घातलंय!"

रावसाहेबांनी चपला काढल्या. मग ते पंगतीत बसले.

"वाढा," ते म्हणाले.