डावं पारडं

सांगा बरं मंडळी, विश्वास कोणावर ठेवावा? औषध विकणाऱ्यावर, की त्या औषधाला भिणाऱ्यावर? घाई नको. आधी गोष्ट ऐका.

फार फार पूर्वी एका राज्यात कारळ्याच्या पिकावर अळी पडली. त्या मुलखाचं सगळं तेल कारळ्याचं. पीक गेलं तर फोडणी नाही नि देवापुढे दिवाही नाही. अशात एक भुकटीवाला आला. म्हणाला, "चिमूटभर उडवा, सकाळी अळी मेलेली!"

राजाला मोहही पडला आणि धास्तीही वाटली. त्याने बाजारातल्या म्हाताऱ्या मापाड्याला बोलावलं. सारं राज्य त्याच्याच तराजूवर धान्य तोलायचं. "परवाना द्यायचा की नाही, तू ठरव."

मापाड्याने लवकर पेरलेल्या एका शेतावर भुकटी उडवायला लावली आणि चावडीपुढे मोठा तराजू टांगला. फायदा दिसला त्याने उजव्या पारड्यात खडा टाकायचा, त्रास झाला त्याने डाव्यात. पंधरा दिवसांत उजवं पारडं जमिनीला टेकलं. डाव्यात एकही खडा नाही.

"मारा आता शिक्का!" लोक ओरडले.

भुकटीवाला हसला. "मापाडीबुवा, रिकाम्या पारड्यात काय शोधताय?"

मापाडी मात्र त्या पारड्याकडे बघत राहिला. रिकाम्या टोपलीलाही वजन असतं, ते वजा करूनच तो माल तोलत आला होता. मग त्रासाचं हे पारडं अगदीच रिकामं कसं?

तेवढ्यात त्याची लेक आली. "बाबा, तुमचं तोलणं होईपर्यंत माझं शेत राहील का? अळी शेंड्याला पोचलीये."

मापाडी उठला. तडक भुकटीच्या शेतात गेला. पिवळी फुलं डोलत होती, पण गुणगुण कुठेच नव्हती. बांधावर निंदणारी बाई हातांना पाला चोळत बसली होती. हात फोडांनी भरलेले.

"बाई, चावडीवर खडा टाकायला का आली नाहीस?"

"मी आले तर निंदायचं कोणी? तुम्ही?" ती फणकारली. "आणि माझं सोडा. मधमाश्या पटापटा मरून पडल्या इथं. त्यांचा खडा कोण टाकणार?"

मापाड्याने एक बोंड खुडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली. सगळा भुसा उडून गेला, हातात एक दाणा राहिला नाही. माश्या नाहीत, तर दाणा भरणार कुठून?

दुसऱ्या दिवशी त्याने निकाल दिला. "भुकटी वापरा, नाहीतर अळी सगळंच खाईल. पण फूल उमललं की बंद. विहिरीजवळ नाही. उडवल्यावर आठ दिवस निंदणी नाही. आणि पुढच्या वर्षी तराजू पुन्हा टांगेन, चावडीपुढे नव्हे, बांधावर."

लेकीचं शेत आदल्याच दिवशी फुलावर आलं होतं. "म्हणजे मला नाहीच?"

"नाही, बाळ." 

तिचं निम्मं शेत अळीने खाल्लं. उरलेल्या निम्म्यावर माश्या आल्या आणि दाणे टच्च भरले. भुकटीवाला रुसून शेजारच्या राज्यात गेला. तिथे त्याला सरसकट परवाना मिळाला. त्या राज्यात फुलं चिक्कार आली, घाण्यात तेलाचा थेंब नाही.

तरी मापाड्याला चैन नव्हतं. दर वर्षी बांधावर तराजू टांगताना तो स्वतःलाच विचारी, अजून कोणाचा खडा राहिला असेल?

बोध एवढाच, की ज्याला चावडीवर येता येत नाही, त्याचा त्रासही तोलावाच लागतो.

तेव्हा मंडळी, एक विनंती. हिशेब कसलाही असो, तोट्याची बाजू कोरी दिसली तर आधी बांधावर जाऊन या, आणि मग खरं असेल तेच लिहा.