डोंगराचे पीठ

एका राज्यात हिमनदीच्या पायथ्याशी एक सरोवर होते. त्याचे पाणी मोराच्या मानेसारखे निळे, आणि त्यावर दुधाची झाक. काठावर राजा अमोघसेन राज्य करी आणि त्याची कन्या चित्रांगी दिवसभर प्रश्न विचारी. तिच्या प्रश्नांनी दोन पंडित पळून गेले होते. तिसऱ्याला कमी ऐकू येई, म्हणून तो टिकला.

एकदा परराज्याचा दूत आला. त्याने सरोवराचे पाणी प्यायला घेतले, पेल्याच्या तळाशी बसलेला पांढरट गाळ पाहिला आणि तो हसला. राजाला ते हसू फार झोंबले. त्याने कालजिव्ह नावाच्या मांत्रिकाला आज्ञा केली, "ही घाण काढ."

मांत्रिकाने हिमनदीच्या पोटातून तीन दगड ओढून काढले. एक सरोवरात बुडवला, एक अरण्यात फेकला, तिसऱ्याचा मणी करून राजाच्या मुकुटात बसवला. पाणी नितळ झाले खरे, पण निळाई गेली. हिमनदी जागीच थिजली आणि तिच्यातून शब्द उमटले, "ज्याने मला थांबवले, तोही थांबेल." त्याच क्षणी सिंहासनावर बसलेल्या राजाची पावले बर्फाची झाली.

बर्फ रोज वर चढू लागला, सरोवर रोज आटू लागले. मांत्रिक तर केव्हाच पसार झाला होता. वडिलांकडे पाहून चित्रांगीला रडू येई. पण त्या गाळात होते तरी काय, हा प्रश्नही तिची पाठ सोडेना. शेवटी ती काठावरच्या चक्रवाक पक्ष्याकडे गेली.

"पक्षिराज, तो गाळ कशाचा होता?"

"डोंगराचे पीठ ते. हिमनदी म्हणजे जाते. पोटात दगड धरून ती डोंगर दळते. ते पीठ पाण्यात तरंगते, त्यावर ऊन पडते, म्हणून सरोवर निळे दिसते."

"दगड परत दिले तर?"

"दळण सुरू होईल. पण ज्याच्यापाशी दगड आहे, त्याने तो राजीखुशीने दिला पाहिजे."

पहिला दगड म्हाताऱ्या माशापाशी होता. चित्रांगीने विचारले, "आजोबा, खालून आकाश कसे दिसते?" आजवर हे त्याला कोणी विचारले नव्हते. तो संध्याकाळपर्यंत बोलत राहिला आणि ती निघाली तेव्हा त्याने दगड तिच्या हाती ठेवला.

दुसऱ्या दगडावर अस्वल झोपले होते. चित्रांगी त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "स्वप्नात काय दिसते आहे?" अस्वल ते सांगायला उठून बसले. सगळे स्वप्न ऐकून घेणारे कोणी भेटले, या आनंदात त्याने दगड देऊन टाकला.

ती राजवाड्यात परतली तेव्हा बर्फ राजाच्या गळ्यापर्यंत आला होता. प्रधान तिला म्हणाला, "मुकुटाला हात लावू नये, राजकन्ये." चित्रांगीने हात लावला नाही. तिने विचारले, "तात, त्या गाळाला आपण घाण का म्हणालात?"

सगळा दरबार ऐकत होता. राजा गप्प राहिला. बर्फ हनुवटीला लागला, तरी गप्प.

"पाहुणा हसला म्हणून," राजा कसाबसा म्हणाला. "मला लाज वाटली. ते काय आहे, हे मी कोणाला विचारलेच नाही. बाळे, काढ तो मणी."

चित्रांगी धावत डोंगर चढली. तिन्ही दगड तिने हिमनदीच्या फटीत सोडले. खोल आत घरघर सुरू झाली, पांढरे ओहोळ खाली झेपावले, आणि दुपारच्या उन्हात सरोवर काठापासून निळे होत गेले. इकडे राजाच्या अंगावरचा बर्फ कडाकडा तुटला.

तो लंगडत काठावर आला आणि डोंगर उतरून आलेल्या लेकीशेजारी चिखलातच बसला. त्याने ओंजळीत पांढुरके पाणी घेतले. मग हळूच म्हणाला, "बाळे, मला एक सांगशील का? एवढ्या कठीण डोंगराचे पीठ होते तरी कसे?"

त्या राजाचा गळा जसा वेळेवर मोकळा झाला, तसा तुमचाआमचाही होवो.