मेलेलं लाकूड

वसईतल्या एका संगीत क्लबात साठ वर्षांची महोगनीची गिटार होती. एल्विना तुस्कानो पहिला सूर तिच्यावरच शिकलेली, म्हणून तर तिची तडकलेली पाठ जोडायला, वाकलेली मान सरळ करायला एल्विनाने चार महिने घातले. शेवटी नव्या तारा चढवल्या, आणि दुपारच्या उन्हात ते लाकूड असं काही चमकलं, जणू गुळाचा पाकच. एल्विना स्वप्नात असल्यासारखी गुणगुणायला लागली, तर काय, मागून गिटारही गुणगुणली.

तेवढ्यात क्लबचे अध्यक्ष चुरीसाहेब आले. गिटार ठेवायची की भंगारात द्यायची, हे तेच ठरवणार होते. त्यांनी अंगठीने पाठीवर एकदाच टकटक केलं. "लाकूड मेलंय. द्या भंगारात."

एल्विनाने चेहरा एकदम साधा ठेवला. "साहेब, माझं ती ऐकायची नाही. तुम्हीच सांगा ना तिला. जरा वाकून, या भोकाशी, तुमच्या त्या खणखणीत आवाजात."

आवाजाचा साहेबांना भारी अभिमान. ते वाकले आणि गरजले, "तू मेलीयेस!"

त्यांचा आवाज विरला. आणि कुणी हात न लावता गिटारच्या पोटातून तारांचा गुंजारव उठला, लांबच लांब, समुद्रावरून आल्यासारखा. साहेब वाकलेले ते वाकलेलेच.

"साहेब," एल्विना हळूच म्हणाली, "मेलेलं कधी उलट बोलतं का?"

साहेबांनी तारांवर अलगद हात ठेवला, तेव्हा कुठे ती गप्प झाली.

"भलतीच तोंडाळ आहे," ते पुटपुटले. "राहू दे इथेच."