राजाला सवाष्ण मिळेना

ऐका गौराई, तुमची कहाणी. आटपाट असं एक नगर. तिथं जैत्रसेन राजा नि देमाई राणी. राजा मोठा लढवय्या. गेला, लढला, जिंकून आला, की पुन्हा निघाला. घरी म्हणून पाय ठरेना. राणीनं गौरीचा वसा घेतला होता. उद्यापनाला दिवस मावळायच्या आत सवाष्ण जेवायला हवी. न जेवली तर राणीचं कुंकू पुसलं जाईल, असा दंडक. कुंकू राणीचं, पण जीव राजाचा, बायांनो! आज उद्यापन, आणि उद्या तर राजा शेजारच्या राज्यावर चालून जाणार.

मग राजानं सवाष्णीसाठी दवंडी पिटवली. दवंडी ऐकली तशा लोकांनी कड्या घातल्या. दवंडी आली की घरचा गडी लढाईला जातो, एवढंच त्यांना ठाऊक. मग दासी कुंकवाचा करंडा घेऊन गेली. भरला करंडा तसाच परत आणला. म्हणाली, "सवाष्ण मिळेना, महाराज." मग राजा चिडला. "सवाष्ण मिळत नाही म्हणजे काय? मीच जातो!"

साळ्याच्या दारी गेला. बाई बाहेर आली, कपाळ पांढरं. "तुझा नवरा कुठं?" "तुमच्याबरोबर आला होता, महाराज. तुम्हीच सांगा, कुठं ठेवलात?" राजा दचकला. मग कुंभाराच्या दारी गेला. सासू आली, सून आली, दोघींची कपाळं पांढरी. मग तेल्याच्या दारी गेला. तिथं नवी नवरी. अंगाची हळद उतरली नव्हती, नि कुंकू पुसलेलं. अगं बाई गं! राजा उंबऱ्यावर मटकन बसला. "अरे, लढाई तर मी जिंकली होती!" म्हणाला.

शेवटी वेशीबाहेर धनगराची लिंबाई भेटली. कपाळी ठसठशीत कुंकू. नवऱ्याला धान्याच्या कणगीत दडवून दारात उभी. राजानं हात जोडले, तिला वाड्यावर आणलं. राणीनं पाट मांडला, पुरणाचं ताट वाढलं. लिंबाई घास उचलेना. दिवस कलला, राणीनं पदर पसरला. "बाई, जेव गं!"

"कशी जेवू, राणीबाई? आज सवाष्ण म्हणून बसवलंत. उद्या लढाईची नौबत झडेल, माझा धनी जाईल. मग मला कोण म्हणून बोलवाल?"

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. उठला, नौबत खाली उतरवली. शेजारच्या राजाकडं स्वार धाडला, "फौज येत नाही. तुमच्या राणीला साडीचोळी येते. भांडण मिटलं." तेव्हा लिंबाई जेवली. राणीचा वसा पुरा झाला.

मग राणीनं साळीण, कुंभारीण, साऱ्या बायांना बोलावणं केलं. त्या म्हणाल्या, "आम्हांला कुठली वशाची पंगत?" राणी म्हणाली, "आजपासून आहे." पंगत बसली. राजा स्वतः वाढायला आला. साळीण म्हणाली, "थांबा महाराज. शेजारी आणखी एक पान मांडा. हे आमच्या ह्यांचं." राजानं मांडलं. कुंभाराकडच्या सासूनं दुसरं मागितलं, सुनेनं तिसरं. मग सगळ्याच मागू लागल्या. अंगण भरलं, रस्ता भरला, पानं वेशीबाहेर गेली. राजा रडत रडत वाढत गेला. दिवस मावळला, तरी रिकाम्या पानांची ओळ सरेना. त्यानंतर त्यानं कमरेला तलवार म्हणून बांधली नाही.

जशी गौराई लिंबाईच्या कुंकवाला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. ज्यांचं पुसलं, त्यांना मानाचं पान मिळो. साठ उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत सांगितली, सुफळ झाली, पुरी झाली.