आब्सोल्वोचा अर्थ

किल्ल्याच्या कप्तानाला होडी द्यायला नाही म्हटलं, म्हणून बस्त्याव नाखव्याला फाशी ठरली होती. त्याची नवी नवरी कातरीन फासाखाली उभी होती.

पाद्रीबाबांनी रिवाजाप्रमाणे त्याच्या पापांची माफी उच्चारली, "आब्सोल्वो!" मग गर्दी पाहून त्यांना विद्या दाखवायची हुक्की आली. "हा लॅटिन शब्द मुळात गाठ सोडण्याचा. रोमचा न्यायाधीश तो म्हणाला की कैदी सुटायचा. चर्चनं तो पापांसाठी मागाहून घेतला."

कातरीननं हळूच विचारलं, "मग ह्यांच्या हातांची गाठ का सुटत नाही, बाबा?"

कप्तान हसला. "पोरी, पाद्रींनी आत्मा सोडवलाय. देह माझ्या ताब्यात आहे."

"होडी नाकारली कुणी, साहेब? आत्म्यानं नाकारली असेल, तर देहाला फास कशाला? आणि देहानं नाकारली असेल, तर बाबांनी आत्ता माफ केलं ते काय?"

गर्दीत कुजबुज झाली. भर चौकात आपली माफी पोकळ ठरलेली पाद्रीबाबांना परवडणारी नव्हती. "सोडा त्याला!" ते कप्तानावर खेकसले, आणि पाद्रीशी वैर घ्यायची कप्तानाची छाती झाली नाही.

बस्त्याव सुटला. फास मात्र कुणी उतरवला नाही, कारण मागे फाशीचे अजून दोघे कैदी उभे होते. त्यांच्या वेळी पाद्रीबाबांनी शब्द उच्चारला, अर्थ सांगितला नाही.