तीन ढिगांची टेकडी

समोर टेकडीवर दगडांचे तीन ढीग दिसतात ना, ती आमच्या कुंभेरी गावची शिरगणती. आणि पायथ्याशी बाभळी माजलेला हा खड्डा म्हणजे आमचं तळं. इथे वस्ती कोणाची जास्त, असं तुम्ही येताना विचारलंत. आमच्या शहाण्या पूर्वजांनाही हाच प्रश्न पडला होता.

असं सांगतात की तेव्हा गावात तीन आळ्या होत्या. एक घाटावरून आलेल्यांची, दुसरी नदीपल्याडच्यांची, तिसरी ‘आम्ही इथलेच’ म्हणणाऱ्यांची. हे तिसरे कुठून आले ते फक्त विसरले होते, एवढाच फरक. शिवाय तळ्याच्या बांधाखाली वडाराचं एक घर होतं. बांध त्यांच्याच वाडवडिलांनी रचलेला, पण त्यांना कुठल्याच आळीत धरत नसत.

एका उन्हाळ्यात पाणी आटत आलं. दौलोजी पाटलाने निवाडा दिला, ज्या आळीची डोकी जास्त तिने पाणी आधी भरायचं. माणशी एक दगड टेकडीवर टाका. डोकी मोजायला निघालेल्यांनी अक्कल घरीच ठेवली. आधी जित्यांचे दगड पडले, मग पोटातल्या पोरांचे, मग मेलेल्या आज्या-पणज्यांचे. नदीपल्याडच्यांनी म्हणे बैलसुद्धा मोजले. माळावरचा दगड संपला तेव्हा तिन्ही आळ्यांनी बांधाला हात घातला. तेवढ्यापुरती मात्र एकी झाली.

वडाराची नागव्वा पाटलाकडे गेली. म्हणाली, “पाटील, माझी लेकरं बांधाखाली निजत्यात. त्यो दगुड काढू नगासा.”

“तुमी माणसं किती? तुमचा ढीग कुठाय?” पाटलाने विचारलं.

मग तिने निदान पावसाळ्यापुरती एखादी ओसरी मागितली. कुठल्याच आळीने दिली नाही. ओसरी दिली की तिला आपल्या आळीत मोजणं आलं. दुसऱ्या कुठल्या आळीने मोजलं असतं तर प्रत्येकीला चाललं असतं, पण वडाराचा दगड आपल्या ढिगात कोणालाच नको होता.

श्रावणात तळं भरलं आणि भरदुपारी बांध फुटला. पाणी गेलं, नागव्वा गेली, लेकरं गेली. पाटील म्हणे लगोलग टेकडीवर चढला, ढीग शाबूत आहेत का बघायला. मला त्या माणसाची किळस येते.

आजही अक्षय्यतृतीयेला प्रत्येक आळी आपल्या ढिगाला चुना फासते, नारळ फोडते. बाया लांबून पाणी वाहतात. बांध पुन्हा रचायला दगड समोरच आहेत. पण पहिला दगड कोणाच्या ढिगातला काढायचा, यावर दरवर्षी बैठक बसते आणि चहा पिऊन उठते.