होकायंत्राची पेटी

आरमाराचे सुभेदार हैबतराव म्हणजे नुसता तोरा! नव्या गलबतावर पाय ठेवताच त्यांना होकायंत्राची पेटी दिसली. भरपूर तांब्यात थोडंसं जस्त घालून ओतलेली, लालसर पितळेची. खाऱ्या वाऱ्यालाही दाद न देणारी.

"पितळ? हे काय स्वयंपाकघर आहे?" सुभेदार गरजले. "लोखंडी पेटी बसवा!"

खलाशांचा म्होरक्या धाकोजी तांडेल नको नको म्हणत असतानाच ती बसलीही. गलबत निघालं. धुकं दाटलं. काट्यावर भिस्त ठेवून जातात तो काय, समोर खडक! धाकोजीनं सुकाणू गर्रकन फिरवलं म्हणून सगळे वाचले.

"काटा फितूर झाला!" सुभेदार ओरडले.

"फितूर नाही सरकार, खुशमस्कऱ्या झालाय," धाकोजी म्हणाला. "लोखंड शेजारी बसलं की तो उत्तर दिशा सोडून त्याच्याकडेच वळतो. पितळ त्याला ओढत नाही, म्हणून तिथं तो खरं बोलतो."

"थापा! कारकून, तुम्ही सांगा, उत्तर दिशा कुठे?"

कारकून कमरेत वाकला. "सरकार म्हणतील तिकडे!"

गलबतभर हशा पिकला. हैबतरावांनी एकदा कारकुनाकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. मग होकायंत्र बाहेर काढलं आणि पेटी धप्पकन समुद्रात फेकली.

कारकून थोडक्यात वाचला.